भाता ओढणारा

माणूस मोठा झाला की त्याच्या गावाची स्मरणशक्ती अचानक सुधारते. त्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याचं तसंच झालं. जगभर त्याचं नाव झालं, मोठमोठ्या सभागृहांबाहेर त्याचे फोटो लागले, आणि इकडे गावात ज्याला त्याला आठवायला लागलं, की अरे, हा तर आपला. न्हावी सांगायचा, त्याचे पहिले केस मीच कापले. आता हा न्हावी त्याच्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी लहान, पण विचारतो कोण? निवृत्त मास्तर तर दर समारंभात उठून सांगायचे, की मी पोराला तेव्हाच ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणूनच बाक वाजवतो म्हणून वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं असेल. जाऊ द्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते काही खोटं नाही.

या गोंगाटात एक माणूस गप्प होता. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवणारा भात्या. त्याला कोणी काही विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी तो 'हो, इथेच राहायचा' एवढंच म्हणाला असता. खरं तर भात्या हे नाव त्याला पडलं तेच त्या अ‍ॅकॉर्डियनवाल्यामुळे. पण ते आठवणारं गल्लीत आता कोणी उरलं नव्हतं.

लाँड्री काकूंची. काकू म्हणजे त्या मोठ्या कलाकाराची आई. नवरा लवकर गेला, पदरात एक पोरगा, मग खाली दुकान आणि वर दोन खोल्या एवढ्यावर त्यांनी सगळं निभावलं. पोराला त्या लाडाने चिमण म्हणायच्या. भात्या चिमणच्याच वयाचा, आईबाप नसलेला, मामाकडे पडलेला. मामा मालट्रक चालवायचा, आठ-आठ दिवस घरी फिरकायचा नाही. शाळा सुटली की हा पोरगा लाँड्रीत यायचा, वाळलेले कपडे झटकून द्यायचा, घड्या घालायचा, आणि चिमणच्या ताटाशेजारी त्याचं ताट आपोआप पडायचं. काकूंनी 'जेवतोस का' असं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

अ‍ॅकॉर्डियन आलं ते एका गाठोड्यातून. कोणी एक म्हातारं गिऱ्हाईक ते चादरीत गुंडाळून ठेवायला देऊन गेलं आणि परत कधी न्यायला आलंच नाही. बरीच वाट बघून काकूंनी ते पोरांना खेळायला दिलं. वाद्य हे एवढं मोठं आणि चिमणचा जीव एवढासा. गळ्यात अडकवलं की पुढे तोंडावर पडायची वेळ. मग या दोघांनी शक्कल काढली. अ‍ॅकॉर्डियन इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचं, पट्ट्या चिमणने दाबायच्या, आणि मधला तो घड्याघड्यांचा भाता दुसऱ्या टोकाला धरून याने ओढायचा आणि ढकलायचा. बोटं एकाची, हवा दुसऱ्याची. म्हणून हा भात्या.

त्यातून त्यांची एक धून तयार झाली. रोज संध्याकाळी तीच. काकू उरलेल्या अर्ध्या टेबलावर इस्त्री करायच्या आणि ऐकायच्या. भात्याचे हात आखूड. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर भाता पुरता ताणला जायचा, हात संपायचे, आणि तो परत आत ढकलेपर्यंत सूर तुटायचा, जिना चढताना माणसाला दम लागतो तसा. चिमण वैतागायचा, तिथे तोडू नको म्हणून ओरडायचा. पण हात काय ओढून लांब होतात? काकूंना मात्र ते तुटणं बरोब्बर सोयीचं पडायचं. तेवढ्यात त्या इस्त्री उचलायच्या, कापड उलटवायच्या, आणि सूर परत आला की इस्त्री खाली. कित्येक वर्षं त्या घरातल्या संध्याकाळी अशाच गेल्या.

मग चिमण वाढला, खांदे रुंद झाले, त्याला भाता ओढायला दुसरं कोणी लागेनासं झालं. तो शिकायला बाहेर गेला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तीच धून त्याने जगभर वाजवली. ती लोकांच्या फोनमध्ये आली, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आली, विमानतळावर आली. मुलाखतीत तो सांगायचा, की आई इस्त्री करायची आणि मी एकटाच तिच्याशेजारी वाजवत बसायचो. एकटाच. भात्याने ते टीव्हीवर ऐकलं तेव्हा तो एका शर्टाची कॉलर करत होता. विसरला असेल, असं तो स्वतःशी म्हणाला आणि बाह्यांकडे वळला.

आता चिमण वाईट होता असं कोणी समजू नका. आठवड्याला फोन करायचा. मोठी आरामखुर्ची पाठवली, सांभाळायला बाई ठेवली. तिला काकूंनी चार दिवसांत पळवून लावलं. किती वेळा न्यायला आला, पण काकू गल्ली सोडायला तयार नाहीत, आणि त्याचं एक पाऊल या देशात तर एक त्या देशात. आधी वर्षातून एकदा यायचा, मग येतो-येतो म्हणत राहिलं, मग नुसताच फोन. असं होतं. कोणी ठरवून करत नाही.

आणि मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग गॅस बंद करायचं गेलं, मग माणसं जायला लागली. भात्याने लग्न केलेलं नव्हतं. मामा गेल्यापासून तो दुकानामागच्या खोलीतच राहायचा. अंघोळीपुरती शेजारची शिवणकाम करणारी बाई यायची, बाकी सगळं त्याच्याकडे आलं. एके दिवशी भरवताना काकू म्हणाल्या, चिमण, मीठ कमी आहे रे. त्याने सरळ मनाने सांगितलं, काकू, मी भात्या. झालं. काकू घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मग चिमण कुठे गेला, अजून घरी का नाही आला, म्हणून त्याचा हात धरून रडायला लागल्या, आणि त्या दिवशी जेवण तसंच राहिलं. पुढच्या वेळी त्यांनी हाक मारली तेव्हा तो 'हो, आई' म्हणाला.

त्यांना शांत करायला म्हणाला, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की तो शब्द तोंडातून निघाला आणि पन्नाशीच्या त्या माणसाला जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. जन्मात त्याने कोणाला आई म्हटलेलं नव्हतं. त्यानंतर मात्र सवय लागली. आलो आई. औषध घे आई. थंडी वाजते का गं आई. काकू त्याच्या केसांतून हात फिरवायच्या, किती वाळलास म्हणायच्या. फसवणूक म्हणा हवं तर. पण दोन वर्षं तो माणूस त्या खोलीपुरता कोणाचा तरी मुलगा होता, आणि खोलीबाहेर आला की परत इस्त्रीवाला.

अशात गावाने नवं सभागृह बांधलं आणि त्याच्या उद्घाटनाला चिमणला बोलावलं. इतक्या वर्षांनी तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच आला, थेट आईकडे. गल्ली नुसती फुलून गेली. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं. चिमण जिना चढून वर आला, खोलीच्या दारात उभा राहिला, केस पांढरे, अंगात झकास कोट. काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अदबीने म्हणाल्या, "कपडे उद्या मिळतील, साहेब. आज फार काम आहे."

चिमण हसला. मग त्याला कळलं की ही थट्टा नाही. तो खाली बसला, त्यांचे हात हातात घेतले, आई, मी चिमण, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. काकूंनी हात हळूच सोडवून घेतले. परका माणूस असा अंगचटीला येतो हे त्यांना बरं वाटलं नव्हतं. त्या भात्याकडे वळल्या.

"चिमण, बघ रे, या साहेबांना काय हवंय."

खोलीत तिघंच होती. भात्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. चिमण एकदा त्याच्याकडे आणि एकदा आईकडे बघत राहिला. मग त्याला सुचलं तेच त्याने केलं. गाडीतून वाद्य आणवलं आणि ती धून वाजवायला घेतली. काय वाजवलं हो त्याने! जिन्यात माणसं उभी होती ती डोळे पुसायला लागली. काकूंनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं, आल्यागेल्याचं ऐकावं तसं, आणि म्हणाल्या, छान वाजवता, रेडिओवर लागतं हे. पण आमच्या चिमणचं असं नाही. त्याला मध्ये दम लागतो.

माणसं पांगल्यावर खाली जिन्यात भात्याने चिमणला सगळं सांगितलं. कधीपासून त्या चिमण म्हणतात, त्याने का होकार दिला, सगळं. चिमण चार शब्द सुनावेल असं त्याला वाटत होतं. सुनावले असते तर बरं झालं असतं. पण चिमण त्या महागड्या कोटासकट पायरीवर बसला आणि तू होतास म्हणून ती जेवली तरी, असं म्हणाला. उद्या कार्यक्रम झाला की त्याला परदेशी जायचं होतं, कित्येक महिन्यांसाठी. आणि काकूंचं अन्न दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. परत येईपर्यंत त्या असतील असं डॉक्टर काही म्हणत नव्हते.

"एकदा तिने मला ओळखावं," चिमण म्हणाला. "एकदाच. मग जन्मभर साहेब म्हटलं तरी चालेल."

आणि त्याने विचारलं, मध्ये दम लागतो म्हणजे काय रे? भात्या म्हणाला, कोण जाणे, म्हातारं माणूस, काहीही बोलतं.

चांगलं माहीत होतं त्याला. काकूंच्या तोंडून तो शब्द निघाल्याबरोबर माहीत झालं होतं. तो दम त्याचाच होता, आखूड हातांचा. जगाने ऐकलेल्या त्या धुनेत तो कुठेच नव्हता, फक्त काकूंच्या कानात राहिला होता. आणि तेच काय ते चिमणचं, असं त्या धरून बसल्या होत्या.

सकाळी चिमणचा कार्यक्रमाचा शर्ट भात्याकडेच इस्त्रीला आला. तो शर्ट टेबलावर पसरून त्याने इस्त्री टेकवली. सांगितलं नाही तर कोणाला कळणार होतं? काकूंना नाही, चिमणला नाही. चिमण संध्याकाळी टाळ्या घेईल, गाडीत बसेल, आणि उद्या सकाळी काकू परत म्हणतील, चिमण, आलास का रे. आणि सांगितलं तर? त्या खोलीत चिमण एकच मावणार होता, एवढं कळायला काही शाळा शिकायला लागत नाही. त्याच्याकडे सगळं जग आहे, भात्याच्या मनात आलं, टाळ्या आहेत, नाव आहे, माझ्याकडे काकूंची एवढी एक हाक. ती पण याला देऊ? वर हा सांगणार, एकटाच वाजवत होतो. त्याला राग आला, चांगला सणसणीत राग आला, आणि नाकाला वास आला तेव्हा शर्टाच्या खालच्या घेरावर इस्त्रीचा तांबूस डाग उमटला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कापड जळालं नव्हतं.

डागाकडे बघता बघता त्याचा राग उतरला. काकू आपल्या पोराची वाट बघत होत्या. दोन वर्षं रोज, त्याच्या हातून जेवताना, त्याला चिमण म्हणताना, बाई वाट त्या दुसऱ्याचीच बघत होती. आणि तो दुसरा वर बसला होता. भात्याने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि जिना चढला.

चिमणने ऐकून घेतलं. मग हळूहळू म्हणाला, की खरंच, तू ओढायचास. मी सगळीकडे एकटा म्हणून सांगत आलो. भात्या म्हणाला, ते राहू दे आता. चिमणने वाद्य गळ्यात घातलं आणि तिसऱ्या ओळीत तेवढं थांबून वाजवून बघितलं. पण थांबणार कोण तर एवढा मोठा कलावंत. थांबणंसुद्धा देखणं झालं, मापात बसवल्यासारखं. काकू खिडकीतून रस्ता बघत राहिल्या.

"तू थांबायचं नाही," भात्या म्हणाला. "तू वाजवतच असायचास. मी संपायचो."

मग त्यांनी जेवायचं टेबल ओढून काकूंच्या खुर्चीपुढे आणलं. ते चकचकीत वाद्य टेबलावर ठेवलं, चिमण पट्ट्यांशी बसला आणि भात्याने दुसऱ्या टोकाला हात घातला. दोन पिकल्या केसांची माणसं, पोरांसारखी. आता भात्याचे हात काही आखूड नव्हते. पण कुठे संपायचं ते खांद्यांना आठवत होतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत चिमणची बोटं पुढे धावली आणि याच्या हातातला भाता संपला. सूर तुटला. चिमणच्या तोंडून सवयीने चिडका 'च्च' निघाला. भात्याने भाता आत ढकलला आणि सूर परत आला.

काकूंचा हात टेबलावर आला होता. मूठ वळलेली, जशी इस्त्रीवर असते तशी. ती पुढे-मागे फिरत होती, आणि पुढच्या फेरीला सूर तुटला तेव्हा ती बरोब्बर उचलली गेली, डाव्या हाताने त्यांनी नसलेलं कापड उलटवलं, आणि मूठ परत खाली आली. मग त्यांनी वर बघितलं. ज्या बाजूला पट्ट्या होत्या त्या बाजूला बघितलं.

"चिमण," त्या म्हणाल्या. "कधी आलास रे?"

चिमणच्या हातून पट्ट्या सुटल्या. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि त्यांच्या मांडीत डोकं घालून हमसून हमसून रडला, जगभर फिरलेला माणूस. काकू त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत होत्या. केवढा झालास, म्हणत होत्या, किती वाळलास, जेवतोस की नाही तिकडे. भात्या वाद्याचं आपल्याकडचं टोक धरून तसाच उभा होता. सोडलं असतं तर वाद्य खाली पडलं असतं. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यात आनंद होता, खरंच होता. मग काकूंची नजर त्याच्यावर गेली. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती, दुकानातल्या कोणाहीवर असते तेवढी.

"तुझं काम झालं ना रे पोरा?" त्या म्हणाल्या. "मग जा आता घरी. आई वाट बघत असेल तुझी."

भात्याने वाद्य नीट आडवं ठेवलं. हो काकू, म्हणाला, आणि खाली आला. शर्ट पँटीत खोचला की डाग दिसणार नव्हता, तेवढं एक बरं होतं. त्याने शर्टाची घडी घातली.

संध्याकाळी म्हणे चिमणने भरल्या सभागृहात सांगितलं, की ही धून माझ्या एकट्याची नाही, आणि भात्याचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भात्या तिथे नव्हता. काकूंना एकटं ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी न्हावी लाँड्रीत येऊन सांगून गेला, की मला तर आधीपासूनच माहीत होतं.

चिमण गेला. जाताना त्याने भात्याला मिठी मारली, काकूंनी त्याला नावाने हाक मारून निरोप दिला, आणि तो सुखाने रडत गाडीत बसला. आता भात्याला वाटलं होतं, चार दिवस जातील, काकू हेही विसरतील, आणि परत आपल्यालाच हाक येईल. तेवढी आशा त्याने ठेवली होती, का ठेवू नये? पण काकू सगळं विसरल्या आणि हेच विसरल्या नाहीत. चिमण येऊन गेला, चिमण मोठा झाला, आता परत येणार आहे, हे त्या रोज सांगायच्या. त्या आता घाबरत नव्हत्या, रडत नव्हत्या. चिमण कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. आणि हा जो भरवायला येतो तो लाँड्रीतला पोरगा होता.

तो पूर्वीसारखाच सगळं करत राहिला. औषध, जेवण, पांघरूण. फक्त बोलताना जपून बोलायचा, की जुन्या सवयीने तो शब्द तोंडातून निघू नये. एकदा निघालाच होता. काकूंनी चमकून बघितलं आणि समजूत घालावी तशा म्हणाल्या, की अरे, असं कोणालाही म्हणू नये, तुझ्या आईला काय वाटेल. त्यानंतर त्याची चूक झाली नाही.

थंडी वाढली तशा काकू दोन-चार घासांवर आल्या. त्या दिवशी तो चमच्याने पातळ पेज भरवत होता. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती. काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"रोज तुला इथेच उशीर होतो," त्या म्हणाल्या. "तुझी आई रागावत नाही का रे?"

"नाही काकू," तो म्हणाला. "मी कुठे असतो ते माहीत आहे तिला."

काकूंना ते पटलं. चांगली आहे बाई, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याने पुढचा चमचा फुंकर घालून त्यांना भरवला.